अदृश्य सांध्याचा इतिहास : जबड्याच्या अस्थिभंगानंतर हनुसंधीचे दर्शन

मानवी शरीरातील बहुतेक सांधे माणसाला केव्हा ना केव्हा आपले अस्तित्व जाणवून देतात. गुडघा दुखतो, खांदा निखळतो, घोटा मुरगळतो. हनुसंधी मात्र दिवसातून शेकडो वेळा हलत असूनही आपल्या लक्षात येत नाही. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले, म्हणजे त्वचेखाली एक उंचवटा पुढे सरकताना लागतो. बोटाला तो इतक्या सहजपणे लागतो. पण डोळ्याला तो दिसावा ह्यासाठी वैद्यकाला जवळजवळ एक शतक झटावे लागले. जबडा मोडला, तो शस्त्रक्रियेने जोडला, आणि त्यानंतर ‘आत सांधा कसा आहे?’ असा प्रश्न उपस्थित झाला, म्हणजे ह्या अदृश्यतेची अडचण विशेष तीव्र होते. ह्या प्रश्नाची उत्तरे कोणकोणत्या साधनांनी दिली गेली आणि त्या साधनांनी प्रश्नाचे स्वरूपच कसे पालटत गेले, ह्याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेतल्यास ती गैर नव्हे. परंतु जबड्याची हालचाल हा उच्चारप्रक्रियेचा पाया आहे, आणि क्ष-किरणांचा उपयोग ध्वनिशास्त्रज्ञांनीही फार लवकर केला. डॅनिएल जोन्स ह्यांनी १९१७ च्या सुमारास मानस्वरांच्या उच्चारातील जिभेची स्थिती क्ष-किरण छायाचित्रांच्या साहाय्याने दाखविली होती. शिवाय, जे दिसत नाही त्याला माणसे नाव कसे देतात, आणि ते दिसू लागल्यावर त्या नावाचे काय होते, हा प्रश्न तर आमच्याच शास्त्राचा आहे.

१

प्रथम नावांकडे वळू. इ. स. पूर्व सुमारे १६०० मध्ये लिहिल्या गेलेल्या, आणि एडविन स्मिथ ह्याने १८६२ मध्ये लक्सर येथे विकत घेतलेल्या इजिप्शियन वैद्यकीय पपायरसाचे संपादन ब्रेस्टेड ह्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात जबड्याच्या हाडाचे वरचे टोक कानशिलात कसे बसते, हे सांगताना लेखक एका पक्ष्याची उपमा देतो : पक्ष्याचा पंजा एखादी वस्तू पकडतो, तसे ते टोक कानशिलाला धरून असते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. कोर, उदूखल, सामुद्ग, प्रतर इत्यादी नावे तेथे येतात. त्यांपैकी जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना दिलेले नाव आहे ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याची चोच. ग्रीक शरीरवर्णनात त्याच हाडाच्या पुढच्या टोकदार भागाला जे नाव मिळाले, आणि जे ‘कोरोनॉइड’ ह्या रूपाने आजही वापरात आहे, त्याच्या मुळाशी ‘कोरोने’ हा शब्द आहे. त्याचाही अर्थ कावळाच.

तीन दूरदूरच्या भाषांतील शरीरवेत्त्यांना एकाच ठिकाणी पक्षी आठवावा, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. ह्यात एकाने दुसऱ्याकडून शब्द उचलला असे मानण्याचेही कारण नाही. मांस गळून पडलेल्या कवटीत जबड्याचे हाड बाजूने पाहिले, म्हणजे वर निघालेली त्याची दोन टोके व त्यांमधील खाच ह्यांचे वळण सहजच चोचीची वा नखरांची आठवण करून देते. म्हणजे ही नावे सुट्या, कोरड्या हाडावरून पडली. जिवंत माणसाच्या सांध्यात काय चालते, ह्याविषयी ती मूक आहेत. ग्रीक ‘कोंडिलोस’ म्हणजे बोटाचे पेर किंवा सांध्याचा उंचवटा. त्यावरून जबड्याच्या मागच्या टोकाला ‘कोंडाइल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘हनुशीर्ष’ हा शब्द योजिला आहे. हे नावदेखील आकाराचेच आहे, क्रियेचे नव्हे.

आपल्या भाषेपुरते पाहिल्यास ‘हनु’ ह्या संस्कृत शब्दाने मराठीत थोडे स्थलांतर केले आहे. संस्कृतात तो जबडा. मराठीत ‘हनुवटी’ हा जबड्याचा केवळ पुढचा भाग. रामायणाच्या किष्किंधाकांडात इंद्राच्या वज्राने मारुतीची डावी हनु भंगल्याची आणि त्यावरून त्याचे नाव पडल्याची कथा आहे. एका अस्थिभंगावरून पडलेले आणि घरोघरी पोहोचलेले असे दुसरे नाव शोधून सापडणे कठीण.

२

सांधा पाहता येत नसताना त्यावर उपचार होत नव्हते असे नाही. एडविन स्मिथ पपायरसात निखळलेला जबडा पुन्हा बसविण्याची रीत दिली आहे व तो आजार उपचारास योग्य मानला आहे. मोडलेल्या जबड्याचे एक प्रकरण मात्र उपचारापलीकडचे म्हणून सोडून दिले आहे. हिप्पोक्रेटिसाच्या परंपरेतील ग्रंथांत मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा तागाच्या दोऱ्याने एकमेकांस बांधावयास सांगितले आहे. सुश्रुताने निखळलेल्या हनुसंधीला शेक देऊन, हाडे जागेवर आणून, ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधावयास सांगितले. पुढे १८८७ मध्ये शिकागोच्या टॉमस गिल्मर ह्यांनी वरचे व खालचे दात तारांनी परस्परांना बांधून जबडा स्थिर ठेवण्याची पद्धत नव्याने प्रचारात आणली.

दात बांधणाऱ्या ह्या पद्धतींतील गर्भित तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. सांधा दिसत नाही. परंतु दात दिसतात. वरचे दात खालच्या दातांवर पूर्वीसारखे बसले, तर हाडही बसले असले पाहिजे, असे ते अनुमान आहे. दातांची मिळणी हीच त्या काळची प्रतिमा होती, असे म्हणावयास हरकत नाही. हे अनुमान हनुवटीच्या किंवा जबड्याच्या मधल्या भागाच्या मोडीत पुष्कळसे खरे ठरते. हनुशीर्षाच्या खालची मान मोडली असता मात्र ते फसू शकते. कारण त्या शीर्षाला चिकटलेला पार्श्व टेरिगॉइड स्नायू सुटा झालेला तुकडा पुढे व आत ओढून नेतो. दात तारांनी मिळतात. सांध्यातील हाड मात्र जागेवर नसते. डोळ्याने दिसणारी गोष्ट आणि तिच्यामागची वस्तुस्थिती ह्यांची अशी फारकत ह्या इतिहासात पुनःपुन्हा भेटते.

३

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे रंटगेन ह्यांस नवे किरण आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांस दिले. मराठीनेही तोच मार्ग धरला आणि आपल्या बीजगणितातील अज्ञाताचे ‘क्ष’ हे अक्षर पुढे केले. अक्षराचे लिप्यंतर न करता कल्पनेचे भाषांतर केले, हे ह्या पारिभाषिक शब्दाचे वैशिष्ट्य होय. लगेच जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे ओटो वाल्खोफ ह्यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरणचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले.

दात दिसले, तरी सांधा सहजासहजी दिसेना. कारण क्ष-किरणचित्र म्हणजे छाया. वाटेत येणाऱ्या सर्व वस्तूंच्या छाया तेथे एकावर एक पडतात. हनुसंधीला खेटून शंखास्थीचा जो भाग आहे तो कवटीतील अत्यंत घट्ट हाडांपैकी एक. आणि बाजूने किरण सोडले तर पलीकडच्या बाजूचा सांधाही त्याच चित्रात उतरतो. म्हणून तंत्रज्ञांनी किरण तिरके सोडण्याच्या निरनिराळ्या रीती काढल्या. त्यांपैकी कवटीच्या मागील भागासाठी टाउन ह्यांनी १९२६ मध्ये वर्णिलेली रीत उलट दिशेने वापरली, म्हणजे हनुशीर्षाची मान समोरून दिसते व तुकडा आत किती कलला आहे हे कळते. बाजूचे एक व समोरचे एक, अशी परस्परांना लंब असलेल्या दिशांची दोन चित्रे घ्यावयाची, हा नियम तेव्हापासून दृढ झाला. एकाच दिशेचे चित्र जागेवर असल्याचा भास निर्माण करू शकते, हे अनुभवाने पटले होते.

छायांच्या गर्दीतून एकच पातळी वेगळी काढण्याची कल्पना दोन महायुद्धांच्या दरम्यान साकारली. फ्रान्समध्ये बोकाज ह्यांनी १९२१ मध्ये तिचे पेटंट मागितले. इटलीत व्हालेबोना ह्यांनी १९३० मध्ये व नेदरलंड्समध्ये झीडसेस डेस प्लांटेस ह्यांनी त्याच सुमारास ती व्यवहारात आणली. किरणांचा स्रोत व फिल्म परस्परविरुद्ध दिशांना हलवावयाची. म्हणजे एका ठरावीक पातळीवरील रेषा स्पष्ट राहतात व बाकीच्या पुसट होतात. ह्याच तत्त्वाला जबड्याच्या कमानीचे वळण देऊन हेलसिंकीच्या पाटेरो ह्यांनी १९४९ पासून सबंध जबडा एका चित्रात उलगडून दाखविणारी पद्धत विकसित केली. तिचे यंत्र १९६१ मध्ये बाजारात आले आणि दोन्ही हनुशीर्षे, दोन्ही बाजूंची हाडे व सर्व दात एका लांबट फिल्मवर पाहण्याची सोय झाली.

ह्या सोयीची एक मर्यादा विसरता कामा नये. असे चित्र घेताना रुग्णास पुढचे दात एका ठोकळ्यावर टेकवून जबडा किंचित पुढे घ्यावा लागतो. अर्थात चित्रात दिसणारा सांधा विश्रांतीच्या स्थितीतील नसतो. त्यावरून हनुशीर्ष व खोबण ह्यांमधील अंतराविषयी निष्कर्ष काढणे, म्हणजे एखाद्या शब्दाचा उच्चार संदर्भाबाहेर तोडून त्यावरून त्याचा नेहमीचा आघात ठरविण्यासारखे होय.

४

चित्रे मिळू लागताच एक अनपेक्षित वाद उभा राहिला. अमेरिकेतील चाल्मर्स जे. लायन्स क्लब ह्या शल्यवैद्यांच्या मंडळाने १९४७ मध्ये हनुशीर्षाच्या अस्थिभंगाच्या १२० रुग्णांची उपचारोत्तर पाहणी प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये मॅक्लेनन ह्यांनी १८० रुग्णांचा अभ्यास मांडला. ह्या पाहण्यांचे तात्पर्य असे होते की, शस्त्रक्रिया न करता केवळ दात बांधून व पुढे व्यायाम देऊन बहुसंख्य रुग्ण नीट खाऊ-बोलू लागतात. चित्रात मात्र हाड पूर्वस्थितीत आलेले नसले तरी चालते. म्हणजे चित्र एक सांगत होते आणि रुग्णाचे तोंड दुसरेच सांगत होते. खरे कोणाचे मानावयाचे?

लहान मुलांच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर विशेष आश्चर्यकारक निघाले. स्वीडनमधील लिंडाल ह्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, वाढत्या वयातील हनुशीर्ष मोडल्यानंतरही स्वतःला नव्याने घडविते. वाकडे जुळलेले हाड कालांतराने आपला आकार सुधारते. प्रौढांत ही शक्ती पुष्कळ कमी असते. त्यामुळे एकच चित्र सहा वर्षांच्या मुलाचे असेल तर आश्वासक आणि चाळीस वर्षांच्या माणसाचे असेल तर चिंताजनक ठरते. प्रतिमेचा अर्थ प्रतिमेत नसतो. तो ती कोणाची, केव्हाची व कशासाठी घेतली ह्यावर अवलंबून असतो, हे ह्या ठिकाणी लख्ख दिसते.

दरम्यान शस्त्रक्रियेचे तंत्र पुढे जात होते. १९७३ मध्ये फ्रान्समधील मिशले ह्यांनी व त्यानंतर स्ट्रासबुर्गच्या शाम्पी ह्यांनी लहान धातुपट्टिका व स्क्रू ह्यांच्या साहाय्याने जबडा जोडण्याची पद्धत रूढ केली. जबड्यावरील ताणाच्या रेषा शोधून पट्टिका नेमक्या त्यांवर बसवावयाच्या, हे शाम्पी ह्यांचे सूत्र. दात कित्येक आठवडे बांधून ठेवण्याची गरज त्यामुळे पुष्कळशी संपली. हनुशीर्षापर्यंत जाऊन ते जोडावे की नाही, ह्याबाबत झाइड व केंट ह्यांनी १९८३ मध्ये शस्त्रक्रियेची कारणे नेमकी नोंदविली : तुकडा कवटीच्या पोकळीत घुसणे, अन्य उपायांनी दातांची मिळणी न साधणे, तुकडा सांध्याच्या आवरणाबाहेर बाजूला फेकला जाणे, सांध्यात परका पदार्थ शिरणे. २००६ मध्ये एकेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांत मिळून केलेल्या यादृच्छिक चाचणीत, १० ते ४५ अंशांनी कललेल्या किंवा लांबी घटलेल्या अस्थिभंगांसाठी, दोन्ही मार्गांचे परिणाम स्वीकारार्ह ठरले. परंतु शस्त्रक्रियेचे अधिक चांगले. १९४७ च्या निष्कर्षाला ह्या चाचणीने सरसकट खोटे पाडले नाही. त्याची व्याप्ती मात्र आखून दिली.

५

आतापर्यंतचा इतिहास हाडाचा झाला. परंतु हनुसंधी म्हणजे केवळ हाड नव्हे. हनुशीर्ष व वरची खोबण ह्यांच्यामध्ये तंतुमय कूर्चेची एक चकती असते. ती सांध्याचे दोन कप्पे करते : खालच्या कप्प्यात हनुशीर्ष बिजागरीसारखे फिरते, वरच्या कप्प्यात चकतीसह पुढे घसरते. तोंड उघडणे ही ह्या दोन हालचालींची एकत्र क्रिया आहे. आणि दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाचा बिघाड दुसऱ्यास भोगावा लागतो.

ही चकती क्ष-किरणांत दिसत नाही. एडिंबरोच्या अॅनन्डेल ह्यांनी १८८७ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्याही आधी, सरकलेली चकती शस्त्रक्रियेने जागेवर बसविल्याचे नोंदविले होते. परंतु पुढे कित्येक दशके तिच्याकडे दुर्लक्ष झाले. ह्या दुर्लक्षात नावाचाही थोडा वाटा असावा. दीर्घकाळ तिला ‘मेनिस्कस’, म्हणजे लहान चंद्रकोर, असे म्हणत. गुडघ्यातील कूर्चा खरोखरच कोरीच्या आकाराच्या असतात. ही मात्र सबंध पडद्यासारखी आहे. उसन्या नावाने उसनी अपेक्षा आणली. म्हणूनच नंतरच्या लेखकांनी ‘डिस्क’ हा शब्द आग्रहाने धरला.

कोपनहेगनच्या फ्लेमिंग नोर्गार्ड ह्यांनी १९४० च्या दशकात सांध्याच्या कप्प्यांत क्ष-किरणरोधक द्रव टोचून चकतीची बाह्यरेषा अप्रत्यक्षपणे दाखविली. त्यांचा प्रबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकाम्या जागेत रंग भरून वस्तूचा आकार ओळखण्याचा हा प्रकार होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विल्क्स, कात्झबर्ग व डोल्विक ह्यांनी ती पद्धत पुन्हा पुढे आणली आणि चकतीच्या सरकण्याचा व सांध्याच्या दुखण्याचा संबंध नव्याने चर्चेत आला. सुई टोचावी लागे, वेदना होत. तरीही दुसरा मार्ग नव्हता.

तो मार्ग चुंबकीय अनुनादाने दिला. लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये ह्या तत्त्वावर प्रतिमा घेता येते हे दाखविले. त्यांना व मॅन्सफील्ड ह्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास कानाजवळ लहान ग्राहक कुंडली ठेवून हनुसंधीच्या प्रतिमा मिळू लागल्या, आणि चकती प्रथमच सुईवाचून प्रत्यक्ष दिसली. ह्या तपासणीत तोंड मिटलेले असताना व उघडे असताना अशा दोन्ही स्थिती पाहतात. हाड पट्टिकेने उत्तम जोडलेले, परंतु मूळ आघाताने चकती पुढे सरकलेली किंवा फाटलेली, असे रुग्ण ह्या साधनामुळे ओळखता आले. हाड नीट दिसत असताना तोंड का उघडत नाही, ह्या जुन्या कोड्याचे निदान काही अंशी तरी उत्तर मिळाले.

६

ह्याच्याही आधी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमधील विंबल्डन येथील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय छेदचित्र घेतले होते. १९७९ मध्ये त्यांना कॉर्मॅक ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ही पद्धत जबड्यापर्यंत पोहोचली, तेव्हा लांबट फिल्मवर न दिसणाऱ्या मोडी, विशेषतः हनुशीर्षाच्या आतल्या टोकाच्या उभ्या चिरा, नजरेस येऊ लागल्या. १९९८ मध्ये इटलीतील मोत्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकूच्या आकाराच्या किरणझोताचे, केवळ दात व जबड्यांसाठी योजलेले यंत्र वर्णिले. सामान्यतः कमी किरणमात्रेत हाडाचे सूक्ष्म त्रिमितीय चित्र त्यातून मिळते. मृदू भाग मात्र त्यात ओळखता येत नाहीत.

शस्त्रक्रियेने नवी अडचणही आणली होती. ज्या धातूने हाड जोडले, तोच धातू प्रतिमेत रेघा उमटवितो किंवा काळे डाग पाडतो. पट्टिकांसाठी टायटॅनियम सर्वत्र स्वीकारले गेले, ह्याचे मुख्य कारण ते शरीराला मानवते हे होय. परंतु ते लोहचुंबकीय नसल्याने प्रतिमेतही तुलनेने कमी ढवळाढवळ करते, हा त्याचा दुसरा गुण. तरीदेखील स्क्रूच्या अगदी लगतचा भाग, म्हणजे नेमका जेथे प्रश्न असतो तो भाग, पुष्कळदा अस्पष्टच राहतो.

आज शस्त्रक्रियेनंतर प्रतिमेकडून जी उत्तरे अपेक्षित आहेत, ती चार गटांत मांडता येतील. तुकडा जागेवर आला काय. स्क्रूचे टोक सांध्यात तर शिरले नाही ना. चकती कोठे आहे. आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी हनुशीर्ष झिजत आहे काय, किंवा सांधा हाडाने जखडू लागला आहे काय. पहिल्या दोहोंसाठी संगणकीय छेदचित्र, तिसऱ्यासाठी चुंबकीय अनुनाद, आणि चौथ्यासाठी काळाच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांची तुलना आवश्यक असते. कारण हनुशीर्षाचा सुटा झालेला तुकडा रक्तपुरवठा तुटल्याने पुढे विरघळू शकतो. मग जो स्क्रू शस्त्रक्रियेच्या दिवशी हाडात दडलेला होता, तोच उघडा पडून खोबणीला घासू लागतो. पहिल्या दिवसाचे निर्दोष चित्र ह्या भवितव्याविषयी काहीच सांगत नाही.

उलटपक्षी, ज्याला काही त्रास नाही, दात नीट मिळतात, तोंड पुरेसे उघडते, अशा रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतर केवळ रीत म्हणून चित्र घेतल्याने उपचारात क्वचितच बदल होतो, असेही अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. किरणमात्रा कितीही अल्प असली तरी तिला प्रयोजन हवे. म्हणजे शतकभराच्या प्रवासानंतर वैद्यक पुन्हा दातांच्या मिळणीकडे व बोटाच्या स्पर्शाकडे आदराने पाहू लागले आहे. फरक इतकाच की, ही साधी परीक्षा कोठे फसते, हे आता ठाऊक आहे.

७

ह्या इतिहासातून एक सामान्य निष्कर्ष निघतो. नावे स्थिर हाडावरून पडली. पहिल्या छायाही स्थिरच होत्या. परंतु ज्याचे निदान करावयाचे तो सांधा गतिमान आहे. लिपी व भाषण ह्यांचे नाते असेच आहे. लिखित अक्षर उच्चाराची खूण देते, उच्चार देत नाही. आणि जो अक्षरालाच उच्चार समजतो तो बोलीच्या अभ्यासात हटकून चुकतो. म्हणून लिपी टाकून द्यावी असे कोणी म्हणत नाही. ती कशाची खूण आहे हे जाणून वाचावी, एवढेच. प्रतिमेचेही तसेच आहे.

मराठीत रोगी ‘बरा झाला’ असे आपण म्हणतो. ‘बरा’ म्हणजे चांगला, आणि ‘बरा’ म्हणजे केवळ बेताचा. दोन्ही अर्थ ह्या एका शब्दात नांदतात. जबड्याच्या अस्थिभंगानंतर वैद्याला रुग्णाशी बोलताना नेमका हाच शब्द वापरावा लागतो. हाड किंचित तिरपे जुळलेले, परंतु घास चावता येतो. चित्र निर्दोष, परंतु जांभई देताना कळ येते. ह्यांपैकी कोणाला बरा म्हणावयाचे, हे कोणतेही यंत्र आपण होऊन ठरवीत नाही. ते ठरविण्यासाठी चित्र हाती घेऊन रुग्णास तोंड उघडावयास सांगावे लागते, आणि त्याला काय म्हणावयाचे आहे ते ऐकावे लागते.